मुलाचं वजन, पोटातले जिवाणू आणि आपलं ताट

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नऊ वर्षांचा, उंची १३४ सेंटीमीटर, वजन ४१ किलो. घरी येणारे-जाणारे 'खात्या घरचा दिसतो' म्हणतात, शाळेत मुलं चिडवतात. कुणाच्या तरी सांगण्यावरून आईने त्याच्या शौचाची जिवाणू-तपासणी करून घेतली. अहवालात 'फर्मिक्यूट्स जास्त, बॅक्टेरॉइडेट्स कमी, स्थूलतेकडे कल' असं आलं (हे आतड्यातल्या जिवाणूंचे दोन मोठे गट) आणि सोबत तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या कॅप्सूलची शिफारस. बाळंतपण सिझेरियनने झालेलं, पहिल्या दोन वर्षांत चार-पाच वेळा अँटिबायोटिक दिलेलं. आई विचारते, 'माझ्यामुळेच त्याच्या पोटातले चांगले जिवाणू गेले का? ही कॅप्सूल देऊ का? नाहीतर मग खायला काय देऊ?'

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्याच्याखाली दबून गेलंय. नाही, तुमच्यामुळे नाही. सिझेरियनने जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात सुरुवातीचे जिवाणू वेगळे असतात, हे खरं. पण पहिल्या वर्षभरात हा फरक बराचसा पुसला जातो. सिझेरियन आणि पुढची स्थूलता यांचा जो संबंध सांगितला जातो, तोही आईचं वजन वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या की बराच क्षीण होतो. अँटिबायोटिकचंही तसंच. लहानपणी वारंवार दिलेल्या अँटिबायोटिकचा वजनाशी संबंध पाहणीत दिसतो, पण तो लहान आहे. तुमच्या मुलाला तेव्हा न्यूमोनिया झाला असेल तर ते औषध देणं बरोबरच होतं. पुढे साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका, इतकाच धडा त्यातून घ्यायचा. नऊ वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचं ओझं आज डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरात उभं राहू नका.

आता त्या अहवालाबद्दल. त्यात लिहिलेलं प्रमाण कुठून आलं हे कळलं, तर त्याला किती महत्त्व द्यायचं हे तुम्हीच ठरवू शकाल.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांची प्रयोगशाळा आहे. तिथे जन्मापासून एकही जिवाणू पोटात नसलेले उंदीर वाढवतात. २००४ साली त्यांनी दाखवलं की अशा उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले, तर दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, आणि तीही आधीपेक्षा कमी खाऊन. २००६ मध्ये त्याच गटाने लठ्ठ उंदरांचे जिवाणू आणि सडपातळ उंदरांचे जिवाणू वेगवेगळ्या उंदरांत सोडून पाहिले. लठ्ठ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांची चरबी जास्त वाढली. याच काळात लठ्ठ प्राण्यांत आणि माणसांत फर्मिक्यूट्स जास्त, बॅक्टेरॉइडेट्स कमी असतात, ही कल्पना जगभर पसरली. तुमच्या अहवालातलं वाक्य त्या काळातलं आहे. नंतर अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासली, तेव्हा माणसांत हे प्रमाण टिकलं नाही. कुठे उलटं आलं, कुठे फरकच दिसला नाही. आज या एका प्रमाणावरून कुठल्याही मुलाच्या वजनाचं निदान करता येत नाही.

पण गॉर्डन यांच्याच गटाचा २०१३ चा प्रयोग मी दवाखान्यात पालकांना आवर्जून सांगते. त्यांनी जुळ्या बहिणींच्या अशा जोड्या निवडल्या, ज्यांत एक बहीण लठ्ठ आणि दुसरी सडपातळ. दोघींचे जिवाणू वेगवेगळ्या उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर जाड झाले. मग त्यांनी दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यामुळे जिवाणूंची आपोआप देवाणघेवाण होते. सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरांत शिरले, तिथे रुजले आणि ते उंदीर जाड होण्यापासून वाचले. मात्र हे घडलं ते चरबी कमी आणि फळं-भाज्यांचा चोथा भरपूर असं खाणं होतं तेव्हाच. चरबी जास्त आणि चोथा कमी असं खाणं दिल्यावर तेच जिवाणू, त्याच पिंजऱ्यात, रुजलेच नाहीत.

ताई, या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबा. चांगले जिवाणू अगदी शेजारी असूनही आत वस्ती करू शकले नाहीत, कारण त्यांच्या वाट्याचं जेवण वरून येत नव्हतं. मग बाहेरून कॅप्सूलमधून आलेल्या जिवाणूंची काय कथा?

माणसांतही हे पाहून झालंय. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ ते १८ वर्षांच्या ८७ स्थूल मुलामुलींवर चाचणी केली. सडपातळ, निरोगी दात्यांच्या शौचातले जिवाणू कॅप्सूलमधून निम्म्यांना दिले, उरलेल्यांना जिवाणू नसलेली तशीच कॅप्सूल. २०२० मध्ये निकाल छापून आला. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्यात, फरक नव्हता. पोटाभोवतीच्या चरबीच्या वाटणीत थोडा फरक दिसला, पण वजन जागच्या जागी. ज्या कॅप्सूलमध्ये जिवाणूंचं अख्खं गाव होतं तिची ही गत. दुकानातल्या कॅप्सूलमध्ये तर दोन-चार प्रकारच असतात. प्रोबायोटिकचे काही खरे उपयोग आहेत, अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी मीही काही वेळा लिहून देते. वजनासाठी देत नाही. तुमचे तीन महिन्यांचे पैसे भाजी, फळं आणि कडधान्यांवर खर्च करा.

आता जिवाणूंचं जेवण म्हणजे काय ते सांगते. आपण खातो त्यातली साखर, मैद्यातला स्टार्च, तेल, बरीचशी प्रथिनं लहान आतड्यातच पचून रक्तात जातात. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं ते आपल्याला पचत नाही ते: कोंडा, सालं, कडधान्यांतल्या काही साखरी, भाज्यांचा चोथा. हे तोडायला लागणारी पाचकद्रव्यं माणसाच्या शरीरात अगदी मोजकी आहेत. जिवाणूंकडे ती हजारोंनी आहेत. ते हा चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. शिवाय ही आम्लं आतड्यातल्या काही पेशींना चेतवतात आणि त्या पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं सोडतात. चोथा आला नाही तर जिवाणू उपाशी बसत नाहीत. त्यातले काही आतड्याच्या आतल्या चिकट थरावरच तुटून पडतात. हा थर पातळ होणं चांगलं नाही.

म्हणजे मुलाच्या ताटात दोन पंगती एकदम बसतात, एक त्याची आणि एक त्याच्या जिवाणूंची. बिस्किट, क्रीमरोल, नूडल्स, फळाचं खोक्यातलं पेय यांनी पहिली पंगत तुडुंब जेवते आणि दुसरीच्या पानात काहीच पडत नाही.

आपल्याकडची दुसरी अडचण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून कळली. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा त्यांचा अभ्यास १९९३ पासून चालू आहे. इथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. स्नायू कमी, चरबी जास्त. बाहेरून काटकुळं, आतून चरबीदार. अशा शरीराला वरून जादा वजन मिळालं की मधुमेहाची वाट लवकर सापडते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली केलेल्या वाढीच्या तक्त्यांत जादा वजनाची रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली आहे. त्या तक्त्यावर तुमच्या मुलाचा २२.८ हा बीएमआय स्थूलतेच्या रेषेच्या वर जातो. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण 'वयात आला की ओसरेल' म्हणून सोडून देऊ नका, एवढ्यासाठी सांगते. बाळसेदार बाळाचं कौतुक आपल्या रक्तातच आहे. एके काळी गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा व्हायच्या आणि त्यात बक्षीस मिळालेले फोटो अजून घरोघरी भिंतीवर आहेत. त्या काळी उपासमार जवळ होती, तेव्हा ते कौतुक साहजिकच होतं. नऊव्या वर्षी तसं नाही.

जिवाणूंच्या बाबतीत आपल्या हाती एक चांगली गोष्ट आहे. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाचे जिवाणू ठळक प्रमाणात आढळतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनीही हे नोंदवलंय. धान्य-कडधान्यांचा चोथा तोडण्यात ते पटाईत. २०१० साली इटालियन संशोधकांनी आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या एका खेड्यातली मुलं आणि फ्लोरेन्स शहरातली मुलं यांची तुलना केली. ज्वारी-बाजरी, चवळी, भाज्या खाणाऱ्या खेड्यातल्या मुलांत प्रिव्होटेला भरपूर आणि छोटी आम्लंही कितीतरी जास्त. पाव, साखर, मांस, चीज खाणाऱ्या फ्लोरेन्सच्या मुलांत ती कमी. त्या खेड्याचं जेवण वाचताना मला आपल्या दुष्काळी भागातली भाकरी आणि चवळीची उसळच आठवते. म्हणजे आपल्या मुलांच्या पोटात कामकरी हजर असण्याची शक्यता चांगली आहे. त्यांना काम द्यायचं आहे.

मग काय द्यायचं? मी वेगळा 'डाएट' देत नाही. एकट्या मुलाला वेगळं ताट वाढलं की तो शिक्षा समजतो आणि तसं वागतो. जे बदलायचं ते घरभर बदला, आजी-आजोबांसकट.

पोळीला शत्रू मानू नका. अख्ख्या गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण ११ ग्रॅम चोथा असतो, बाजरी आणि नाचणीत तितकाच, ज्वारीत १०. मैद्यात तीनसुद्धा नाही, पॉलिशच्या तांदळातही तीनच्या आसपास. खरा तोटा होतो तो पोळी पांढरी दिसावी म्हणून पीठ बारीक चाळणीने चाळण्यात. कोंडा चाळणीत राहतो आणि जिवाणूंचं जेवण केरात जातं. गिरणीतून दळून आणा, जाड चाळणी वापरा. आठवड्यातून तीन-चार वेळा ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी करा. मुलं भाकरी नको म्हणतात कारण ती थंड झाली की कडक होते. डब्यात भाकरी देऊ नका, रात्री तव्यावरची गरम द्या.

सगळ्यात जास्त भर कडधान्यांवर द्या. मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाल, मसूर, कुळीथ, रोज एक उसळ किंवा पिठलं. मोड आणल्याने पोटात होणारा वायू थोडा कमी होतो. डाळ पातळ करून भातावर ओतणं आणि वाटीभर उसळ खाणं यात चोथ्याचा फार फरक आहे. बऱ्याच घरांत मी विचारते 'कडधान्य खातो का?' तर उत्तर येतं 'हो, रोज वरण असतं'. वरण चांगलंच, पण ते साल काढलेल्या डाळीचं असतं.

इथे बांगलादेशातलं एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी ते स्थूल नव्हे तर कुपोषित बाळांबद्दल आहे. ढाक्याच्या मीरपूर भागात तिथले संशोधक तहमीद अहमद यांच्या गटाने गॉर्डन यांच्याबरोबर एक पूरक आहार बनवला. बाळाच्या वाढीला साथ देणाऱ्या जिवाणूंना काय आवडतं ते शोधून त्यांनी घटक निवडले: हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्चं केळं. २०२१ मध्ये छापलेल्या चाचणीत या आहाराने बाळांचं वजन नेहमीच्या पूरक आहारापेक्षा चांगलं वाढलं. त्यात उष्मांक त्या नेहमीच्या आहारापेक्षा कमी होते, तरीही. अशा अव्वल प्रयोगशाळेला शेवटी बेसन, दाणे आणि कच्चं केळं सापडलं! आपल्या घरात हे तिन्ही आहेत. कच्च्या केळ्याचे तव्यावरचे काप मुलं आनंदाने खातात. डाळी-धान्यांच्या भाजणीचं, कांदा-मेथी घातलेलं थालीपीठ हा तर शाळेचा उत्तम डबा आहे. जवसाची, कारळ्याची, दाण्याची चटणी रोजच्या पानात असू द्या, चमचाभर.

फळ चावून खायचं, ज्याचं साल खाता येतं ते सालासकट. पेरू, बोरं, चिकू, डाळिंब, संत्र्याच्या फोडी. रस काढला की चोथा गाळणीत आणि साखर ग्लासात. बाजारातल्या २०० मिलिलिटरच्या फळपेयाच्या खोक्यात साधारण २० ते २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली, जमल्यास पाच टक्क्यांखाली ठेवायला सांगते. तुमच्या मुलाच्या वयाला पाच टक्के म्हणजे दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास. एका खोक्यात दिवसाचा कोटा संपला. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचंही हेच. २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं. साधं दूध पीत नसेल तर दही द्या, ताक द्या. दुधासाठी साखर पाजू नका.

दह्या-ताकाबद्दल खूप विचारतात. घरच्या विरजणातले जिवाणू आतड्यात कायमचे राहत नाहीत, पाहुण्यासारखे येऊन जातात, तरी उपयोगी आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ मध्ये ३६ प्रौढांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. रोज आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांत जिवाणूंचे प्रकार वाढले आणि दाहाच्या खुणा उतरल्या. नुसता चोथा वाढवलेल्या गटात तितक्या थोड्या काळात प्रकार वाढले नाहीत. म्हणून मी दोन्ही एकत्र सांगते: उसळ-भाकरी आणि सोबत ताक. इडली, आंबोळी शिजवताना जिवाणू मरतात, पण आंबवल्याने धान्य पचायला सोपं होतं. उन्हाळ्यात नाचणीचं आंबील गार करून त्यात ताक घालून द्या.

एक इशारा. हे सगळं सोमवारपासून एकदम सुरू करू नका. चोथा अचानक वाढला की पोट फुगतं, मूल 'दुखतंय' म्हणतं, आणि घरातली मोठी माणसं लगेच 'बघ, पचत नाही त्याला' म्हणून मोकळी होतात. पहिल्या आठवड्यात रात्रीची उसळ सुरू करा, दुसऱ्यात मधल्या वेळचं बिस्किट बंद करून भाजलेले चणे किंवा फळ, मग भाकरी. पाणी वाढवा. तीन-चार आठवड्यांत आतडं सरावतं.

जिवाणूंच्या तपासणीऐवजी पुढच्या गोष्टी तुमच्या डॉक्टरांकडून पाहून घ्या. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाड झाली आहे का? बऱ्याच आया ती मळ समजून घासतात आणि पोराची मान लाल करतात. तो मळ नसतो, इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. रक्तदाब मोजला का? झोपेत मोठ्याने घोरतो का, श्वास अडकतो का? उपाशीपोटी साखर, यकृताचं एसजीपीटी आणि चरबीची तपासणी एकदा करावी. आणि उंची बघा. खाण्यामुळे स्थूल झालेली मुलं सहसा वर्गात उंच असतात. वजन वाढतंय पण उंची खुंटली असेल, तर थायरॉइडसारखी संप्रेरकं तपासायलाच हवीत. तुमच्या मुलाची उंची वयाला ठीक आहे, त्यामुळे ती शंका मला कमी वाटते. रोज तासभर घाम येईल असा खेळ आणि रात्री नऊ तासांहून अधिक झोप हे तुम्हाला माहीत असेलच. जेवताना मोबाइल बाजूला, हेही.

शेवटचा मुद्दा वजनाच्या काट्याचा. या वयात किलो उतरवायच्या मागे लागू नका. तुमचा मुलगा वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर उंच होईल. दोन वर्षांनी तो १४५ सेंटीमीटरचा झाला आणि वजन ४१ वरच राहिलं, तर बीएमआय २२.८ वरून १९.५ वर येईल, एकही किलो न घटवता. म्हणून काटा दर आठवड्याला काढू नका. महिन्यातून एकदा वजन आणि तीन महिन्यांतून एकदा भिंतीला पाठ लावून उंची, दोन्ही एकाच वहीत. ती वही त्यालाच लिहू द्या, आणि त्या पानावर त्या आठवड्यात त्याला आवडलेल्या उसळीचं नावही त्याच्याच हाताने लिहू द्या. पुढच्या वेळी मला लिहाल तेव्हा अहवालाऐवजी त्या वहीतले आकडे पाठवा.